मला दिलेली खोली

सिंगापूरला मी आठ आठवडे राहिलो. त्यातले पहिले तीन आठवडे ज्या खोलीत झोपलो ती खोली माझी नव्हती, पाहुण्यांची नव्हती आणि रिकामीही नव्हती. हे मला एका तेरा वर्षांच्या मुलीनं दाखवलं, तेही तोंडातून शब्द न काढता. या गोष्टीला आता दहाएक वर्षं होतील. राग उतरलेला नाही. त्यातला निम्मा माझ्यावरचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी लोकांची उणीदुणी काढायला बसलोय असं कुणाला वाटेल, तर काढणारच आहे, पण स्वतःची धरून.

मी इचलकरंजीचा. वडील मागावर होते. आई प्राध्यापक कॉलनीत पाच घरची धुणीभांडी करायची. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि बी.ए. होऊन ती उतरलेलाही मीच. हे मी कधी लपवलं नाही, उलट न विचारता सांगतो. कॉलेजात एकांकिकांचं वेड लागलं. पुढं सूतगिरणीच्या ऑफिसात चिकटलो तरी सुट्टीच्या दिवशी नगरपालिकेच्या शाळेतली मुलं गोळा करून नाटकं बसवायचो. त्यातलं एक कुणीतरी मोबाईलवर पाहिलं आणि सिंगापूरच्या मराठी लोकांच्या एका मंडळाकडून बोलावणं आलं. मुलांचं नाट्यशिबिर घ्यायचं, शेवटी प्रयोग करायचा. मानधन नाही. जाण्यायेण्याचं तिकीट आणि राहण्याची सोय. मी बिनपगारी रजा टाकली आणि गेलो. विमानात पहिल्यांदा बसलो, हेही सांगतो.

राहायची सोय मंडळाच्या सेक्रेटरींच्या घरी होती. पाया लेबार भागात त्यांचा काँडो, म्हणजे तिथल्या बंदिस्त सोसायटीतला फ्लॅट, अकराव्या मजल्यावर. बाई पुण्याच्या, तिथं एका कंपनीत मॅनेजर. यजमान बँकेच्या आयटीत. मी त्यांना वहिनी आणि दादा म्हणायला लागलो. एक मुलगी, तेरा वर्षांची, आठवड्याभरात दहा वाक्यं बोलणारी. आणि घरकामाला एक बाई, जावा बेटावरची, चाळिशीच्या अलीकडची, दिवसरात्र तिथंच राहणारी. तिची ओळख वहिनींनी मला पहिल्याच दिवशी मोठ्या कौतुकानं करून दिली. म्हणाल्या, "बाकीचे लोक मेड म्हणतात. आम्ही नाही म्हणत. आमच्याकडे ती मावशी आहे."

ऐकून मला बरं वाटलं. माझ्या आईलाही अख्खी कॉलनी मावशीच म्हणायची. तेव्हा एवढं लक्षात यायला हवं होतं की त्या पाच घरांपैकी एकाही घरात माझ्या आईला पंगतीला बसवलेलं मी पाहिलं नव्हतं. पण पाहुणचाराची गुंगी असते माणसाला. मलाही होती.

"ही आमची गेस्ट रूम," वहिनी म्हणाल्या. "लहान आहे, पण एकदम सेफ."

सेफ म्हणजे काय ते दार बघून कळलं. स्वयंपाकघराला लागून, तिजोरीला असावं तसं लोखंडी दार. तिथं बऱ्याच घरांत अशी एक जाड भिंतींची खोली बांधलेलीच असते, युद्ध झालं तर आसरा घ्यायला. सगळे तिला बॉम्ब शेल्टर म्हणतात. खिडकी नाही, वर भिंतीत दोन गोल झडपा. एक अरुंद खाट, एक टेबलफॅन. भिंतीवर चिकटवलेला हातभर आरसा. कॅलेंडरावर रोजच्या तारखेवर फुली, ती मी आलो त्या दिवसाच्या आदल्या तारखेला थांबलेली. खाटेखाली चेन लावलेली एक निळी बॅग. उशापाशी भिंतीवर चिकटपट्टीचे चार तुकडे, मधे काहीच नाही, फोटो काढून घेतल्यावर राहतात तसे. उशीला निलगिरीसारख्या तेलाचा वास.

हे सगळं मी पाहिलं. रोज पाहिलं. आणि मावशी कुठं झोपते हे मी तीन आठवड्यांत एकदाही विचारलं नाही. मुलीच्या खोलीत झोपत असेल असं मीच ठरवून टाकलं. विचारायला जिभेला काय काटा टोचत होता? काही नाही. पण विचारलं असतं तर उत्तर आलं असतं.

पहिल्याच रविवारी मंडळानं माझा परिचयाचा कार्यक्रम ठेवला. अध्यक्ष साठीकडे झुकलेले, खादीचा कुर्ता घालणारे. माईकवर म्हणाले, "यांच्या मातोश्रींनी लोकांची धुणीभांडी करून यांना शिकवलं. अशा माऊलीला आपण इथूनच वंदन करू." टाळ्या पडल्या. दोघी-तिघींनी डोळे टिपले. छापलेल्या पत्रकातही तेच वाक्य होतं, माझ्या फोटोखाली. मलाही छाती फुगल्यासारखं झालं. मावशी त्या वेळी मागच्या टेबलावर सगळ्यांसाठी बटाटेवडे मांडत होती.

शिबिर काँडोच्याच तळमजल्यावर, फंक्शन रूममध्ये, शनिवार-रविवारी. अकरा मुलं, अकरा ते पंधरा वयाची. घरात मराठी ऐकणारी, शाळेत इंग्रजी बोलणारी, चिडली की दोन्ही सोडून वाक्याला 'लाह', 'व्हॉट' अशी शेपटं लावत तिथली इंग्रजी बोलणारी. आयांनी मराठी संवाद इंग्रजी अक्षरांत लिहून पाठ करून घ्यायची तयारी आधीच केली होती. मी म्हटलं, आधी संवाद नकोत. मला आमच्या कॉलेजच्या नाटकवाल्या सरांनी जे शिकवलं तेच मी सगळीकडे शिकवतो. आठवडाभर तुमच्या आसपासच्या एका माणसाकडे बघायचं, ज्याच्याकडे कुणी बघत नाही. त्याला विचारायचं नाही, त्याची नक्कल करून खिदळायचं नाही. नुसतं बघायचं. पुढच्या शनिवारी शब्दांशिवाय करून दाखवायचं. दाखवताना स्वतःचं काही घुसडायचं नाही.

"कुणाकडे पण बघायचं?" एकानं विचारलं.

"कुणाकडे पण."

"डॅडी चालेल? त्याच्याकडे कोणी नाही बघत. ही ऑल्सो डोंट नो आम्ही घरात आहोत."

पोरं हसली. मी म्हटलं, चालेल.

तिसऱ्या शनिवारी त्यांनी दाखवायला सुरुवात केली. डॅडीवाल्यानं फोन कानाला लावून दुसऱ्या हातानं मुलाच्या डोक्यावर थोपटणारा आणि थोपटता थोपटता तिथं मूल नाहीये हे न कळलेला बाप केला. एकानं गेटवरचा म्हातारा सिक्युरिटीवाला केला, गाडी आली की झोपेतही सलाम ठोकणारा. खोटं सांगत नाही, मला त्या दिवशी इतका आनंद झाला होता की वाटलं, रजा कारणी लागली.

मग सेक्रेटरींची मुलगी उठली. तिनं दोन खुर्च्या अंतरावर ठेवल्या, मधे जेमतेम हातभर जागा. एका खुर्चीला हात लावून तिनं कंप दाखवला, त्यावरून पोरांना कळलं की ती वॉशिंग मशिन आहे. मग तिनं खांद्यावरून गादी उतरवली, अर्धी दुमडली, त्या फटीत अंथरली आणि आडवी झाली. पाय लांब होईनात. गुडघे पोटाशी घेतले. थोड्या वेळानं खालून ओल आल्यासारखी उठली, गादीचा कोपरा उचलून फडक्यानं फरशी पुसली, पुन्हा निजली. मग सकाळ. तिनं गादी गुंडाळून मशिनच्या मागं उभी केली आणि एका दारासमोर येऊन थांबली. दार कुठंच नव्हतं, पण ते जड आहे हे दिसत होतं. कान लावला. वाट पाहिली. हात मागं घेतला. पुन्हा कान लावला. आतला माणूस बाहेर पडून अंघोळीला गेला तसं तिनं चटकन आत जाऊन, वाकून, खाटेखालची बॅग ओढली, चेन उघडली, कपडे काढले, चेन लावली, बॅग होती तशी सारली, आणि खाटेवरच्या चादरीला तिचा धक्का लागला होता ती सुरकुती हातानं साफ केली. मग बाहेर येऊन हसली आणि मान लववली. कुणाला तरी गुड मॉर्निंग म्हणाल्यासारखी.

त्या हसण्याला मी रोज सकाळी उत्तर देत होतो. "गुड मॉर्निंग, मावशी," म्हणत होतो, खांद्यावर टॉवेल टाकून.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी माझ्याकडे बघत उभी राहिली. तिला कौतुक हवं नव्हतं. मला कळलं की नाही एवढंच ती पाहत होती. मी "छान" म्हणालो आणि पाणी प्यायला बाहेर गेलो. पाणी प्यालो नाही. दुसऱ्यांना बघायला शिकवायला दोन समुद्र ओलांडून आलेला माणूस, त्याला चार चिकटपट्ट्या दिसल्या आणि फोटो कुठं गेला हा प्रश्न पडला नाही.

रविवारी सकाळी टेबलावर पोहे होते. मी बसलो नाही.

"मावशी कुठं झोपते?" मी विचारलं.

वहिनींनी दादांकडे बघितलं. दादांनी फोनकडे.

"अहो, आठ आठवड्यांचा तर प्रश्न आहे," वहिनी म्हणाल्या. "तिला विचारलं होतं आम्ही. ती ओके म्हणाली."

"ती नको म्हणाली असती तर?"

"ती कशाला नको म्हणेल? घरच्यासारखी आहे ती."

"मी आजपासून हॉलमध्ये झोपतो."

"हॉलमध्ये?" दादांनी पहिल्यांदा मान वर केली. "पहाटे माझे कॉल असतात हो. आणि बरं दिसतं का पाहुण्याला सोफ्यावर? उद्या लोक काय म्हणतील?"

"लोक तिच्याबद्दल काय म्हणतात?"

"तिच्याबद्दल कोण काय म्हणणार?" दादा म्हणाले. त्यांनी ते वाईट मनानं म्हटलं नव्हतं. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. माझा संताप तिथं झाला.

मी म्हटलं, "तुम्ही माझ्या आईला वंदन केलंत ना मागच्या पंधरवड्यात? सगळ्यांनी मिळून? ती इथं आली असती तर कुठं झोपवली असतीत?"

वहिनींचे डोळे भरले. "तुम्ही फार मनाला लावून घेता," त्या म्हणाल्या. "इथली पद्धत वेगळी आहे. दोन्हीची तुलना करू नका."

दुपारी मी आईला फोन लावला. मला वाटलं होतं, माझ्या तोंडून सगळं ऐकून ती म्हणेल, बरं बोललास बाळा. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "माझ्या नावानं टाळ्या घेत हिंडतोस, आन् तिच्या खाटंवर पाय ताणून निजतोस व्हय रे?"

"मला माहीत नव्हतं, आई."

"नाव काय तिचं?"

"मावशी म्हणतात तिला."

"शिकून पार शाणा झालास बघ," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

या लिखाणात मी कुणाचंच नाव देणार नाही. पण तिचं नाव मला त्या दिवशी माहीतच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

मी ठरवून टाकलं. प्रयोगात हाच प्रवेश असणार. कुणी न बघितलेली माणसं, अकरा मुलांनी केलेली, शेवटी वॉशिंग मशिनजवळची गादी. मुलीला सांगितलं तेव्हा तिनं नुसती मान डोलावली, पण त्या दिवसापासून ती तालमीला सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या मांडायला लागली.

मी हॉलमध्ये झोपायला लागलो होतो, पण खोली पाहुण्याची म्हणून रिकामीच राहिली आणि मावशी मशिनमागंच. बुधवारी कमिटीची बैठक झाली. बातमी आधीच पोचली होती. डॅडीवाल्या मुलाचा डॅडीही कमिटीत होता आणि त्याला स्वतःचा प्रवेशही पसंत पडला नव्हता. मी पुरा बोलायच्या आत अध्यक्ष म्हणाले, "आपण इथं मराठी संस्कृती दाखवायला बसलोय, घरातली मोरी नव्हे."

"घरातली मोरी मुलांनीच दाखवली. मी फक्त बघा म्हटलं."

"तेच तर. मुलांना असं घरात हेरगिरी करायला शिकवायचं का?"

"राज्याभिषेक करू या," एक बाई म्हणाल्या. "पुण्याहून कपडेपट विकतच मागवता येईल. सगळ्या मुलांना पार्ट मिळतो. आजी-आजोबांनाही आवडतं."

"आणि सरांना वाईट वाटायला नको," दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "यांची पार्श्वभूमी अशी आहे ना, त्यामुळे यांना हा विषय जवळचा वाटणार. आपण समजून घेतलं पाहिजे."

पार्श्वभूमी. टाळ्या घ्यायच्या असल्या की माऊली, आणि बोलायला लागलो की पार्श्वभूमी. मी म्हटलं, प्रवेश होणार, नाहीतर मी उद्याच्या विमानानं जातो, पत्रकातलं ते वाक्य तुम्हीच पुसा. आणि उठून आलो. लिफ्टमध्ये, खोटं का सांगू, मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. काय बोललो, असं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. मावशी मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी हॉलच्या दारात बसलो होतो. ती हातातला चिमटा खाली ठेवून माझ्यासमोर आली आणि तिच्या मोडक्या इंग्रजीत बोलली. तिथवरच्या तीन-साडेतीन आठवड्यांत ती माझ्याशी सगळ्यात जास्त त्या दिवशी बोलली.

"सर, प्लीज. नॉट इन शो."

मी म्हटलं, हे तुझ्यासाठीच आहे. सगळ्यांना कळू दे.

"मॅडम थिंक आय टेल यू. मॅडम थिंक आय टीच द गर्ल." तिनं पदर असावा तसा टी-शर्टचा काठ मुठीत धरला होता. "यू गो होम, सर. आय स्टे."

मी तिला समजावायला लागलो. ती थांबली, माझं संपेपर्यंत, जसं सगळ्यांचंच संपेपर्यंत थांबायची. मग म्हणाली की तिचा मुलगा गावाकडे नववीत आहे, त्याला पुढं शिकायचंय, आणि मॅडमनं परत पाठवलं तर दुसरं घर मिळेलच असं नाही. आणि हे गर्लला सांगू नका, तिला वाईट वाटेल. मी म्हटलं, नाही सांगणार.

ती नववी माझ्या कानात दणकन वाजली. माझ्या नववीच्या वेळी आईनं असंच कुणाकुणाचं संपेपर्यंत ऐकून घेतलं असणार. आणि माझ्यासारखाच कुणी शहाणा येऊन तिच्या पाच घरांत भाषण ठोकून निघून गेला असता, तर मी बी.ए. झालो असतो का?

मी तिला नाव विचारलं. तिनं सांगितलं. मी दोनदा म्हणून बघितलं, तिनं एकदा सुधारलं. मग मी विचारलं, "रूम?"

"रूम, यस," ती म्हणाली. "रूम आय लाइक."

तेवढंच तिला हवं होतं. नाटक नको होतं, वंदन नको होतं. खोली हवी होती.

मी त्याच दिवशी बॅग भरली. मंडळात लाईट सांभाळणारा एक तरुण होता, नागपूरकडचा, विद्यापीठात संशोधन करणारा, बुकित बातोकला दोन मित्रांबरोबर फ्लॅटमध्ये राहणारा. त्याच्या घरात तोही पहिलाच शिकलेला. त्याला फोन केला तर म्हणाला, "या दादा. गादी आहे, पंखा आहे, बुद्धाची मूर्ती आहे, आणि कुणाचीच खोली नाही." वहिनींना मी सांगितलं की मला तालमीच्या विचारासाठी एकटं राहायला हवं. अध्यक्षांना कळवलं की राज्याभिषेक करतो. सगळ्यांना हायसं वाटलं. वहिनींनी मला डब्यात लाडू दिले.

मुलीला सांगणं उरलं. शनिवारी ती खुर्च्या मांडत होती.

"तो प्रवेश आपण करत नाही आहोत," मी म्हणालो.

"व्हाय?"

"नाही करत."

"यू सेड शो द ट्रू थिंग, व्हॉट. नाउ कॅनॉट?" मग तिनं मराठीत म्हटलं, शब्द शोधत, "तुम्ही मम्माला घाबरलात."

मला कारण सांगता येत नव्हतं. मी शब्द दिला होता. मी म्हणालो, "समज तसं."

"ओके लाह," ती म्हणाली, आणि मांडलेल्या खुर्च्या एकेक करून परत ढीग लावून ठेवल्या. त्यानंतर महिनाभर ती माझ्याशी कामापुरतं बोलली. राज्याभिषेकात तिनं पार्ट मागितला तो सिंहासनामागं चवरी ढाळणाऱ्या दासीचा. वीस मिनिटं उभं राहायचं, संवाद नाही. मी म्हटलं, तुला मोठा पार्ट देतो. म्हणाली, "आय वाँट धिस वन." ती ती चवरी अशी ढाळायची की राजाकडे बघायचं सोडून माझी नजर तिच्याकडेच जायची. ते बघताना मला चीड यायची, आणि ती कुणावर आहे ते कळायचं नाही.

मी एक काम मात्र केलं असं मला वाटत होतं. खोली तरी मोकळी करून दिली. तालमीला जातायेता ज्युराँग ईस्टला मेट्रो बदलताना, आठवड्यातून चार वेळा, मी स्वतःला हेच सांगायचो. लाईटवाल्या पोरानं एकदा विचारलंही, "तिला मिळाली ना खोली, दादा? बघितली का जाऊन?" मी म्हटलं, मिळणारच की. मी निघालो म्हटल्यावर कोण राहणार तिथं? पुन्हा तेच. बघा म्हणून सांगणारा मी, आणि स्वतः न बघता ठरवून टाकणाराही मीच.

प्रयोगाचा दिवस रविवार. सकाळी मी आणि तो पोरगा कपडेपटाची खोकी न्यायला पाया लेबारला गेलो. वहिनी पार्लरमध्ये, दादा सभागृहावर. खरं तर मावशीचा सुट्टीचा दिवस, पण ती अंगरख्यांना इस्त्री करत उभी होती. मुलीनं दार उघडलं.

"ड्रेस कुठं आहेत?"

तिनं हात करून लोखंडी दार दाखवलं.

मी ते ओढून उघडलं. आत खाटेवर, खाटेखाली, छतापर्यंत खोकी. भाले, ढाली, कागदी जिरेटोप, मखमलीचे अंगरखे, थर्माकोलचं अख्खं सिंहासन प्लास्टिकमध्ये गुंडाळून आडवं घातलेलं. कॅलेंडर त्याच्या मागं. मी मागच्या गॅलरीत जाऊन बघितलं. वॉशिंग मशिनच्या मागं गादी, गुंडाळून उभी केलेली. कोपरा ओला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"यू लेफ्ट, नेक्स्ट वीक पार्सल आलं," मुलगी म्हणाली. "मम्मा सेड ओन्ली टिल शो." मग म्हणाली, "शो झाल्यावर पण इथंच येणार ना सगळं? नेक्स्ट यर गणपतीला लागतं, मम्मा म्हणाली."

मावशीनं इस्त्री खाली ठेवली नाही. फक्त तिची गती कमी झाली.

मी खोकी उचलायला लागलो. मुलीनं दुसरीकडून धरलं. बावीस खेपा झाल्या असतील लिफ्टपर्यंत. शेवटची खेप झाल्यावर ती आत गेली, गादी घेऊन आली, खाटेवर पसरून ठेवली आणि ओला कोपरा पंख्याकडे वळवला. लिफ्टमध्ये मला म्हणाली, "तुम्ही मम्माला घाबरला नव्हतात ना?" मी नाही अशी मान हलवली. तिनं पुढं विचारलं नाही. हुशार पोर होती, तिनं आपलं आपण जोडलं असावं.

प्रयोग चांगला झाला. तीन घंटा झाल्या, पडदा उघडला, राजा सिंहासनावर बसला, आजी-आजोबा रडले. शेवटी अध्यक्ष माईकवर आले आणि माझ्या आईला पुन्हा वंदन केलं. मग माईक माझ्या हातात दिला.

सभागृहात सगळी मंडळी होती. समोरच्या रांगेत कमिटी. माझ्या जिभेवर सगळं होतं. आजही आहे. पण "यू गो होम, सर, आय स्टे" हे वाक्य त्याहून पुढं उभं होतं.

मी म्हणालो, "आभार. आता एक कामाचं सांगतो. हा सगळा कपडेपट आजवर एकट्या सेक्रेटरींनी आपल्या घरात सांभाळला. त्यांच्या घराची किती अडचण झाली ते मी डोळ्यांनी पाहिलंय. एकाच घरावर हा भार टाकणं मराठी माणसाला शोभत नाही. तेव्हा ज्यांना ज्यांना आजच्या प्रयोगाचा अभिमान वाटला, त्यांनी आत्ता रंगमंचावर यावं आणि एकेक खोकं आपल्या घरी न्यावं. सुरुवात अध्यक्षांपासून."

टाळ्या पडल्या. आता टाळ्या पडल्यावर कोण नाही म्हणतो? अध्यक्ष हसत हसत पुढं आले आणि मी त्यांच्या हातात सिंहासनाचं एक टोक दिलं. डॅडीवाल्याच्या डॅडीला भाले दिले. राज्याभिषेक सुचवणाऱ्या बाईंना अंगरख्यांची दोन खोकी. पार्श्वभूमीवाल्या गृहस्थांना ढाली. मुलगी दासीच्या वेषात विंगेत उभी राहून यादी करत होती, कोण काय नेतं ती, वहीत, गंभीर चेहऱ्यानं. वहिनी पहिल्या रांगेत बसून हसत होत्या आणि त्यांचे डोळे हसत नव्हते. त्यांना कळलं होतं. बाकी कुणाला कळलं असेल असं वाटत नाही. सिंहासन टॅक्सीत मावेना, तेव्हा अध्यक्ष फुटपाथवर त्याच्याशेजारी बराच वेळ उभे होते. ते मी काचेतून बघितलं आणि मला जराही वाईट वाटलं नाही.

दोन दिवसांनी निघताना मी निरोप घ्यायला त्यांच्या घरी गेलो. या वेळी बघायलाच गेलो होतो. वहिनी त्या दिवशी रजेवर होत्या. त्यांनी चहा विचारला, आग्रह केला नाही. मुलगी शाळेत गेली होती. गॅलरीत मशिनच्या मागं काही नव्हतं, फरशी कोरडी होती.

"मावशी?" मी विचारलं. मग तिचं नाव घेऊन विचारलं.

"झोपलीये जरा," वहिनी म्हणाल्या. "दुपारचं अर्धा तास पडते."

लोखंडी दार बंद होतं. ते आतून लावलेलं होतं. मी वाजवलं नाही.